न बांधलेल्या हॉलची मागची भिंत

ज्या नाट्यगृहाचा पायाही अजून खणलेला नाही, तिथल्या खुर्चीत बसून नाटकातला संवाद ऐकायचा. पुण्यातल्या एका ध्वनिसल्लागार बाईंच्या कचेरीत जायला एवढं कुतूहल पुरेसं होतं. ऐकण्याची खोली लहान आहे. भिंतींवर कापड चढवलेली ग्लासवूलची पॅनेलं, कोपऱ्यात जिप्सम टाइल्स आणि कार्पेटच्या नमुन्यांची चळत, हवेत डिंकाचा उग्र वास. इथे बोललं की शब्द ओठांपुढेच गळून पडतात.

आर्किटेक्टचे नकाशे येतात. त्यांवरून बाई संगणकात हॉलचा त्रिमित सांगाडा उभा करतात आणि प्रत्येक पृष्ठभाग किती आवाज गिळतो याचे आकडे भरतात. मग रंगमंचावरच्या एका बिंदूतून हजारो ध्वनिकिरण सोडले जातात. ते कुठे आपटले, किती क्षीण होऊन कधी कानाशी आले, याचा हिशेब सॉफ्टवेअर ठेवतं. या हिशेबातून कोरडा, म्हणजे कोणत्याही खोलीचा घुमारा न लागलेला आवाज पार नेला की हेडफोनमध्ये ते सभागृह उभं राहतं.

सगळं पुन्हा पुन्हा येऊन थांबतं ते या कोरड्या आवाजापाशी. असे आवाज तयार मिळतात, पण त्यांत भरणा पाश्चात्त्य वाद्यवृंदांचा. मराठी नाटकाच्या हॉलला व्हायोलिनपेक्षा ‘ख’, ‘ठ’, ‘छ’ स्पष्ट पोचण्याची गरज जास्त. घुमारा लांबला की आधीच्या स्वराचं शेपूट पुढच्या व्यंजनावर चढतं आणि शब्द बुडतो. म्हणून बाईंनी एका हौशी नटाला याच खोलीत बसवून चार वाक्यं बोलून घेतली. तेव्हापासून प्रत्येक हॉलमध्ये तोच नट तीच चार वाक्यं बोलतो. मुळातला त्याचा आवाज ऐकवत नाही, इतका उघडाबोडका आहे.

त्या दिवशी एका शिक्षणसंस्थेचे कार्यवाह आले होते. ठेकेदाराने खर्च कमी करण्यासाठी सुचवलेल्या यादीत पहिलं नाव मागच्या भिंतीवरच्या पॅनेलांचं होतं.

“मॅडम, शेवटच्या रांगेतून ऐकवा,” ते म्हणाले.

“शेवटची नको, सर. तुम्ही पहिल्या रांगेत बसा.”

हेडफोनमध्ये नट बोलला आणि त्याच्या पाठोपाठ त्याचीच चोरटी नक्कल ऐकू आली. कार्यवाहांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे फक्त दार होतं.

“सतरा मीटर,” बाई म्हणाल्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. थेट आवाजानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांहून उशिरा जोरकस परावर्तन आलं, तर बोलण्यात ते वेगळं उमटू लागतं. ५० मिलिसेकंद म्हणजे १७ मीटरचा जादा फेरा. पुढच्या रांगेपासून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येणारा आवाज हा फेरा सहज ओलांडतो. कडक भिंतीचा त्रास मागच्यांना कमी. पुढच्यांना आणि रंगमंचावरच्या नटाला जास्त. बाईंनी एक कळ दाबून पॅनेलं लावली आणि नक्कल विरली. पुन्हा काढली, पुन्हा लावली.

चूक आधी ऐकू आली तर किती वाचतं, याचा दाखला न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथला फिलहार्मोनिक हॉल १९६२ साली उघडला, आवाजासाठी नावं ठेवून घेतली, आणि १९७६ साली आतून पूर्ण उखडून नव्याने बांधावा लागला. ते काम करणारे ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. मुंबईत १९८० साली उघडलेल्या एनसीपीएच्या टाटा थिएटरची ध्वनिरचनाही त्यांचीच.

तरी हेडफोनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०१९ साली जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने अशा अनेक सॉफ्टवेअरांची परीक्षा झाली. बनवलेला आवाज बहुतेक वेळा पटण्याजोगा होता, पण खऱ्या खोलीत मोजलेल्या आवाजाशेजारी ठेवला की फरक दरवेळी स्पष्ट कळत होता. खर्जातला आवाज लाटेसारखा अडथळ्यांना वळसा घालतो, सरळ किरणांच्या हिशेबात तो नीट बसत नाही. बाई हे लपवत नाहीत. “मी दोन पर्यायांतला फरक ऐकवते. हॉल ऐकवते, असं मी म्हणत नाही.” ग्राहकाला मात्र हॉलच ऐकल्यासारखं वाटतं, आणि या धंद्यातली खरी जोखीम तीच आहे.

खात्रीचं प्रारूप हवं, तर त्याला खऱ्या मोजमापाची जोड लागते. पॅरिसच्या नोत्र दामला ती होती. ध्वनिसंशोधक ब्रायन कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली कॅथेड्रलमध्ये मोजमापं घेतली आणि संगणकातलं प्रारूप त्यांच्याशी जुळवलं. २०१९ च्या आगीने छताला भगदाडं पाडली. नंतरच्या मोजणीत घुमाऱ्याचा काळ २०१५ च्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी घटलेला निघाला. काय गमावलं हे आकड्यांत सांगता आलं, कारण आग लागण्याआधी कोणीतरी तिथे मोजायला गेलं होतं.

बाईंच्या कोटेशनमधली शेवटची बाबही तीच असते: बांधकाम झाल्यावर रिकाम्या हॉलमध्ये मोजमाप. बोलावणारे थोडेच. कार्यवाहांनी पॅनेलं कपातीच्या यादीतून वगळली, “सतरा मीटर” असं समासात लिहून घेतलं, आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिलीची खूण करत म्हणाले, “हे उद्घाटनानंतर बघू.”