पांच मतांचा धडा

लोकसभेची निवडणूक आली म्हणजे आमच्या बाजारपेठेंत दिवसभर राजकारणाचा खल चालतो, परंतु नगरपालिकेची निवडणूक आली कीं तेच गृहस्थ "त्यांत काय ठेवलें आहे?" असें म्हणून गादीवरून उठतही नाहींत. गटारें, दिवाबत्ती व पाणी हे क्षुद्र विषय आणि राष्ट्राचा कारभार तेवढा थोर, अशी यांची समजूत आहे. ही समजूत किती चुकीची आहे हें दाखविण्यास लंडन शहरांतील फिन्सबरी या लहानशा विभागाच्या इतिहासासारखा पुरावा क्वचितच सांपडेल; आणि त्या इतिहासांत आपल्याच देशबांधवांचा हात असल्यामुळें तो आपणांस परका वाटण्याचेंही कारण नाहीं.

१८८५ सालीं पार्लमेंटच्या मतदारसंघांची फेररचना झाली, तींत सेंट्रल फिन्सबरी हा स्वतंत्र मतदारसंघ निर्माण झाला. क्लार्कनवेल येथील घड्याळें व दागिने घडविणाऱ्या कारागिरांची वस्ती याच भागांतली. दादाभाई नौरोजी हे १८८६ सालीं शेजारच्या होबर्न मतदारसंघांत उभे राहून पराभूत झाले होते. आणि इंग्लंडचा कोणताही मतदारसंघ 'काळ्या माणसास' निवडून देईल असें आपणांस वाटत नाहीं, असे उद्गार खुद्द मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनीं १८८८ सालीं भरसभेंत काढिले होते. या उद्धटपणास १८९२ सालीं सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनीं उत्तर दिलें. दादाभाई पांच मतांनीं निवडून आले. फेरमोजणींत तें आधिक्य तीनवर आलें. मुख्य प्रधानाचें भाकित खोटें पाडण्यास एवढीं मतें पुरलीं! त्या दिवशीं एका गल्लींतले पांचसहा दुकानदार "माझ्या एका मतानें काय होणार?" असें म्हणून घरीं बसते, तर हा सर्व इतिहास निराळा झाला असता.

परंतु पार्लमेंटांतील जागा मिळाली म्हणजे सर्व मिळालें असें नव्हे. सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंडप्रमाणें हिंदुस्थानांतही एकाच वेळीं घ्यावी, असा ठराव दादाभाईंच्या कारकीर्दींत, १८९३ सालीं, कॉमन्स सभेनें संमत केला. पण सरकारनें तो अमलांत आणिला नाहीं. १८९५ सालीं दादाभाईंची जागाही गेली. ठराव व अंमल यांमध्यें केवढें अंतर असतें, हें ज्यांनीं कोर्टाचा हुकुमनामा मिळवून वसुलीसाठीं वर्षानुवर्षें खेटे घातले आहेत, त्या आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच.

आतां त्याच भागाचें दुसरें चित्र पाहा. १९०० सालीं फिन्सबरीस स्वतःची बरो कौन्सिल, म्हणजे नगरसभा, मिळाली. १९३४ सालीं डॉ. चुनीलाल कटियाल हे पंजाबांतून तेथें गेलेले वैद्यक व्यवसायी तिचे सभासद झाले आणि सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष या नात्यानें त्यांनीं आरोग्यकेंद्राची योजना हातीं घेतली. दाट व गरीब वस्तीच्या त्या विभागांत एका वैद्याकडून दुसऱ्याकडे हिंडणाऱ्या रोग्यास क्षयाची तपासणी, दांतांचे उपचार आणि स्त्रियांचा दवाखाना एकाच छपराखालीं मिळूं लागले. वास्तुशिल्पी ल्युबेटकिन यांनीं बांधलेलें हें केंद्र १९३८ सालीं उघडलें आणि त्याच सालीं डॉ. कटियाल फिन्सबरीचे मेयर झाले. साऱ्या देशासाठीं राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ सालीं सुरू झाली. एका लहान नगरसभेनें तिचा मासला दहा वर्षें आधींच उभा करून दाखविला होता.

मताधिकाराची गोष्टही अशीच आहे. इंग्लंडांत कर भरणाऱ्या अविवाहित व विधवा स्त्रियांस शहरांच्या कारभारांत मत १८६९ सालीं मिळालें. पार्लमेंटसाठीं मत मिळण्यास १९१८ साल उजाडावें लागलें, आणि पुरुषांच्या बरोबरीचा हक्क तर १९२८ पर्यंत लांबला. लोकशाहीची धुळाक्षरें गांवच्या चावडीवरच गिरवावीं लागतात, तीं अशीं.

मग पार्लमेंटकडे दुर्लक्ष करावें काय? मुळींच नाहीं. ज्या फिन्सबरी नगरसभेनें हें काम केलें, ती १९६५ सालीं पार्लमेंटच्याच कायद्यानें इस्लिंग्टनमध्यें विलीन झाली. फिन्सबरीचें नांव आज पार्लमेंटच्या मतदारसंघाच्या नांवांत शिल्लक आहे. नगरसभेस जन्म देणें व तिला मोडणें हें वरच्या सभेच्या हातीं असतें. म्हणून जो वरच्या सभेकडे पाठ फिरवितो तो खालची गमावितो, आणि जो खालचीची उपेक्षा करितो त्याला वरची मिळूनही घरची मोरी तुंबलेलीच राहते.

हें सर्व आम्हीं सांगतों तें दूरदेशींच्या कौतुकासाठीं नव्हे. दादाभाई कॉमन्स सभेंत बसण्यापूर्वीं मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासद होते; शहराच्या कारभाराचा अनुभव त्यांनीं येथेंच घेतला. त्याच मुंबईच्या महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तो कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक झाली पाहिजे, असें १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीचें स्पष्ट वचन असतां हें घडलें. इंग्लंडांतील नगरसभांस असें लिखित घटनेचें कवच नाहीं. आपणांस तें आहे, आणि तरीही करदाते स्वस्थ बसले! एका वर्षाचा हिशेब गुमास्त्यानें दाखविला नाहीं तर जो सावकार त्याला पेढीवर उभा करणार नाहीं, त्यानें आपल्या शहराचा हिशेब विचारणारा प्रतिनिधीच नसतां इतकीं वर्षें कर निमूटपणें भरावा, याला काय म्हणावें?

कायद्यांतील हक्क मागणारा असेल तरच जिवंत राहतो. फिन्सबरीच्या पांच मतांनीं हेंच सिद्ध केलें. पुढच्या निवडणुकीच्या दिवशीं, मग ती दिल्लीची असो वा गल्लीची, दुकानाची फळी घटकाभर लावून मतदानास जाणें हा व्यापारांतील खोटीचा नव्हे, तर नफ्याचाच सौदा होय.