तीन मिनिटांचे गाऱ्हाणे

रविवार, दि. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री इंग्लंडातील कित्येक घरांच्या बैठकीत लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाचा रंगमंच अवतरला. पुच्चिनीच्या 'टोस्का' या संगीतिकेचा केवळ दुसरा अंक त्या रात्री टेलिव्हिजनवरून दाखविण्यात आला. दिग्दर्शन फ्रांको झेफिरेल्ली यांचे, खलनायकाच्या भूमिकेत टीटो गोब्बी आणि नायिकेच्या भूमिकेत मारिया कॅलास. पडद्यावर रंग नव्हते. होत्या त्या काळ्या-पांढऱ्या छटा. आपल्या देशात त्या वेळी टेलिव्हिजन दिल्लीतील प्रायोगिक केंद्रापुरताच होता. तेव्हा आपणांपैकी कोणी तो प्रयोग त्या रात्री पाहिला असण्याचा संभव फारच थोडा. परंतु त्याचे चित्रण सुदैवाने टिकून राहिले आहे आणि आज ते घरबसल्या पाहता येते. त्यातील अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांच्या एका गीताकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

संगीतिका म्हटले की बिचकून जाण्याचे कारण नाही. ज्यांनी संगीत नाटक पाहिले आहे, त्यांना ही जात अगदीच परकी वाटणार नाही. भेद इतकाच, की येथे गद्य संवाद जवळजवळ नसतात. धमकी, विनवणी, प्रेम, मरण हे सारे गाऊनच व्हावयाचे. त्या ओघात एखादे पात्र क्षणभर थांबून आपले अंतःकरण उघडे करते, त्या स्वतंत्र गीताला 'आरिया' म्हणतात.

कथा इ. स. १८०० च्या जून महिन्यातील, रोम शहरातील. फ्लोरिया टोस्का ही नामांकित गायिका. तिचा प्रियकर कॅव्हाराडोस्सी हा चित्रकार. तुरुंगातून पळालेल्या एका राजबंद्याला आसरा दिल्याच्या आरोपावरून पोलिसांचा प्रमुख स्कार्पिया त्याला पकडतो आणि शेजारच्या खोलीत त्याचा छळ मांडतो. त्या किंकाळ्या असह्य होऊन टोस्का लपण्याची जागा सांगून टाकते. तरीही प्रियकराला फाशीचीच शिक्षा! त्याला वाचवावयाचे असेल तर टोस्काने स्वतःला आपल्या स्वाधीन करावे, असा स्कार्पियाचा सौदा आहे. बाहेर ताशांचा आवाज येऊ लागतो. बंद्यांना वधस्तंभाकडे नेणाऱ्या शिपायांचे ते ताशे. स्कार्पिया तिला ते ऐकावयास लावतो. आणि येथे टोस्का गाऊ लागते.

ती शाप देत नाही, की आक्रोश करीत नाही. ती देवाकडे गाऱ्हाणे मांडते. मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कोणा जीवाला दुखविले नाही. गुपचूप दानधर्म केला, देवमातेच्या वस्त्रासाठी माझे दागिने दिले. मग या दुःखाच्या वेळी मला हे असे फळ का? एवढाच त्या गीताचा भावार्थ. आरंभ अगदी हलक्या आवाजात, वरून खाली उतरत येणाऱ्या स्वरांनी होतो. पुढे वाद्यवृंदातून एक सुरावट उमटते. पहिल्या अंकात टोस्का हातांत फुले घेऊन देवळात आली, तेव्हा वाजली होती तीच ही. पुच्चिनीने येथे मोठी मार्मिक योजना केली आहे. मूळ धून वाद्ये गातात आणि टोस्का तिच्यावर जणू बोलत राहते. सुखाच्या दिवसांची आठवण तिच्या भोवती वाजत असते आणि तिच्या तोंडी असतो हिशेब.

आता गायिकेविषयी. मारिया कॅलास यांचा जन्म १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रीक मातापित्यांच्या पोटी झाला. संगीताचे शिक्षण अथेन्समध्ये एल्व्हिरा दे हिदाल्गो या स्पॅनिश गायिकेपाशी. १९४९ च्या जानेवारीत व्हेनिस येथे त्यांनी व्हाग्नरची भारदस्त ब्रुनहिल्डे गाइली आणि त्याच महिन्यात बेल्लिनीची, लवचिक गळ्याची कसोटी पाहणारी एल्व्हिराही गाइली. एकाच कंठाने ही दोन कामे करावीत, हे जाणत्यांना अशक्य वाटत होते. त्यांची दृष्टी इतकी अधू होती, की रंगमंचावरून वाद्यवृंदाच्या संचालकाची छडी त्यांना नीट दिसत नसे. म्हणून सारे संगीत मुखोद्गत करावे लागे. हावभाव कोणते करावे, याचे उत्तर संगीत कान देऊन ऐकले की मिळते, ही आपले मार्गदर्शक तुल्लिओ सेराफिन यांची शिकवण त्या पुढे नेहमी सांगत.

त्यांचा आवाज गोड होता काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर नेहमी नव्हता. प्रथम त्यांची ध्वनिमुद्रिका ऐकली तेव्हा माझा हिरमोड झाला होता. खालचे स्वर काहीसे घोगरे, मधले जणू बुरख्याआडून आलेले, वरचे धारदार; तीन निराळ्या स्त्रिया गात आहेत असे वाटावे. १९६४ साली त्या चाळिशीत होत्या आणि वरच्या स्वरांतील कंप लपण्याजोगा राहिला नव्हता. या आरियाच्या अखेरीस देवाला हाक मारताना आवाज तारस्वरात चढतो, तेथे तो कंप आपणांसही ऐकू येईल. इतर गायिकांनी तो स्वर अधिक निर्मळ लावला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ताशे ऐकून आलेल्या, हरलेल्या बाईच्या कंठातून निर्मळ स्वर तरी कसा यावा? कॅलास यांच्या गळ्यातील वैगुण्य या ठिकाणी टोस्काच्या पदरी पडते आणि तिचेच होऊन जाते. टेलिव्हिजनचा कॅमेराही जवळ आलेला असतो. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी योजलेला अभिनय इतक्या जवळून बहुधा भडक दिसतो. येथे तसे होत नाही. ते मोठे डोळे, ते लांबसडक हात शब्दाच्या किंचित आधी हलतात, मग शब्द येतो.

माझे मामा नाट्यसंगीताचे निस्सीम भक्त. त्यांना हे चित्रण दाखविले तेव्हा गीत संपताच ते म्हणाले, "अरे, एवढ्या पदाला वन्स मोअर नाही?" बालगंधर्वांच्या आठवणींवर पोसलेल्या पिढीचा तो स्वाभाविक प्रश्न होता. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी हात वर करून मला गप्प केले, कारण पुढचा प्रवेश सुरू झाला होता. या आरियाने नाटकाची गती अडते, असा आक्षेप फार जुना आहे. अडते खरीच, पण कॅलास यांच्या प्रयोगात ती थांबलेली गती कोठे साठत असते, ते लगेच कळून येते. स्कार्पिया परवाना लिहावयास बसतो. टोस्का मद्याचा पेला घेण्यास मेजापाशी जाते आणि तिची नजर सुरीवर पडते. त्या नजरेत काही क्षणांपूर्वीचे गाऱ्हाणे अजून असते. देवाकडून उत्तर आलेले नाही, हे तिला उमगलेले असते.

कॅलास यांनी रंगमंचावर गाइलेली अखेरची संगीतिकाही 'टोस्का'च. तेही कॉव्हेंट गार्डनमध्येच, ५ जुलै १९६५ रोजी. १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिस येथे, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या भूमिकांपैकी एकही संगीतिका पहिल्या अंकापासून अखेरपर्यंत आवाजासह चित्रित झालेली उपलब्ध नाही, ही हळहळ लावणारी गोष्ट आहे. 'टोस्का'चा हा दुसरा अंक मात्र दोनदा सापडतो, एकदा पॅरिस येथील १९५८ च्या डिसेंबरातील समारंभातला आणि दुसरा हा लंडनचा.

आपण तो पाहाल तेव्हा गीतापासून आरंभ करू नका. संपूर्ण अंक पाऊण तासाच्या आसपासचा आहे. मुलांना निजवून, दिवा मंद करून पहिल्या प्रवेशापासून पाहा. आणि स्कार्पिया कोसळला म्हणून उठू नका. टोस्का दोन मेणबत्त्या उचलते, प्रेताच्या दोन्ही अंगांना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते, आणि एकही शब्द न गाता दाराकडे निघते.