दहा ग्रॅमचा हिशेब

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना. कॉलेजांत गुलाबी फिती लागतात, रांगोळ्या निघतात, डॉक्टरबाई येऊन गाठ कशी ओळखायची ते सांगतात. हे व्हायलाच हवं. पण त्या तासाभरात दारूचा विषय बहुधा निघत नाही, आणि तो निघायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पक्का पुरावा ज्यांच्याबाबत आहे, त्यांचा हा गट; तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसही त्यातच. २००७ मध्ये संस्थेच्या तज्ज्ञांनी मद्यामुळे होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोगही धरला. आपल्याकडे बाटलीवर इशारा असतो तो ‘आरोग्यास हानिकारक’ आणि ‘पिऊन गाडी चालवू नका’ एवढाच. त्यात कर्करोगाचं नाव नाही.

बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असं हॉस्टेलच्या खोल्यांतून सर्रास म्हटलं जातं. बाटलीवरचे आकडे घेऊन गणित मांडून बघा. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची, त्यात ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क. म्हणजे ५२ मिली, वजनात सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीत मद्यार्क ४२.८ टक्के, ३० मिलीच्या पेगमध्ये तो भरतो दहा ग्रॅम. एक बाटली बिअर म्हणजे चार पेग. फळांच्या चवीच्या छोट्या रंगीत बाटलीतसुद्धा साधारण एक पेग असतोच. फक्त शनिवारी एक स्ट्राँग बाटली घेतली आणि ती आठवड्यावर वाटली, तरी दिवसाला सहा ग्रॅम पडतात.

हे दहा ग्रॅमचं माप ध्यानात ठेवण्याजोगं आहे, कारण संशोधनातला धोका त्याच मापाने सांगतात. रोज दहा ग्रॅम घेणाऱ्या स्त्रीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका न पिणारीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त. न पिणाऱ्यांच्या ज्या गटात शंभर जणींना हा रोग होईल, तेवढ्याच मोठ्या पिणाऱ्या गटात तो एकशेसात जणींना होईल. माप वाढलं की धोकाही चढत जातो. अमुक इतकी घेतली तर चालते, अशी सुरक्षित मर्यादा सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

शरीरात नेमकं काय होतं? मद्यार्काचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं, त्याची मोडतोड करतं आणि दुरुस्तीतही अडथळा आणतं. दुसरीकडे मद्यामुळे रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं. स्तनातल्या अनेक पेशी याच संप्रेरकाच्या इशाऱ्यावर विभागतात, आणि बिघडलेल्या डीएनएच्या पेशी जितक्या विभागतील तितका बिघाड पुढे सरकतो. शिवाय डीएनएच्या दुरुस्तीला लागणारं फोलेट मद्यामुळे नीट शोषलं जात नाही.

सोलापूरने दारूचा एक चेहरा जवळून पाहिला आहे, तो हातभट्टीचा. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतल्या भट्ट्या बंद करून तिथल्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्यासाठी ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये, तेव्हाच्या अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने, ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं. ते मोलाचं काम होतं. मात्र हातभट्टी तेवढी वाईट आणि सीलबंद बाटली शुद्ध, हा समज खरा नाही. मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, दोन्हीत एकच.

कॉलेजच्या वयाशी याचा थेट संबंध आहे. पहिल्या पाळीपासून पहिल्या बाळंतपणापर्यंत स्तनातल्या पेशी वेगाने वाढत असतात, पण पूर्ण पक्व झालेल्या नसतात. अमेरिकेतल्या मुलं झालेल्या ९१ हजार परिचारिकांच्या माहितीवरून २०१३ मध्ये दिसलं, की या काळात रोज घेतलेल्या दर दहा ग्रॅममागे पुढच्या धोक्यात ११ टक्क्यांची भर पडते. मुली शिकतायत, लग्न आणि पहिलं मूल पुढे जातंय. हे चांगलंच आहे. त्याबरोबर हा नाजूक काळही लांबला आहे, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आता प्रमाणाचं भान. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दारू घेणाऱ्या बायका शंभरात एकही नाही. म्हणजे आपल्याकडे हा रोग झालेल्या बहुतेक जणींनी आयुष्यात थेंबही घेतलेला नसतो. वाढतं वय, लवकर आलेली पाळी, उशिरा गेलेली पाळी, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, घराण्यातून आलेली जनुकं अशी कारणं असतात, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. ‘ती घेत होती का?’ असं रुग्णाबद्दल कुजबुजणं हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. जागृती करणाऱ्याने हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलंच पाहिजे.

हा विषय निघाला की मुलांनीही तासातून बाहेर जाऊ नये. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत आणि मोठं आतडं यांचे कर्करोगही दारूने होतात. मावा किंवा गुटखा खाणाऱ्याने दारूही घेतली, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो.

व्याख्यानांनी काय होणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी बार्शीकडे पाहावं. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदी घ्यायला गावोगाव जाणारे कार्यकर्ते लोकांशी लक्षणांबद्दल बोलत राहिले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. यंत्र नव्हतं, होतं ते बोलणं.

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू असा अंदाज आहे. मृत्यू इतके असण्याचं एक मोठं कारण उशीर. विशीतल्या मुलीच्या स्तनात लागलेली गाठ बहुतेकदा साधी असते, पण ती डॉक्टरला दाखवायची. कर्करोगाची गाठ सुरुवातीला पुष्कळदा दुखत नाही, म्हणून ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणायचं नाही. कातडीला खळी पडणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं हीही लक्षणं. सुई टोचून तपासल्याने कर्करोग पसरत नाही.

आणि धोका खरा वाढतो तो आईच्या वयात. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी निम्म्या बायकांचे स्तन हाताने तपासत होत्या. पन्नाशीपुढच्या बायकांत या तपासणीने मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तिशीपुढच्या बायकांच्या अशा तपासणीची तरतूद आता सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे; आपल्या भागातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं, तर कधी आणि कुठे यायचं ते कळतं.