पन्नास वर्षं इन्सुलिनवर

आगाशीत राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्यांची सुकेळी होतात. हा उद्योग ज्या घरात पिढीजात चालत आला, त्या घरातल्या एका मावशींना १९७२ साली, शाळकरी वयात, टाईप १ मधुमेह झाला. अंगणात गोडाची आरास आणि पोरीला गोड वर्ज्य! तेव्हा काचेची सिरिंज रोज उकळावी लागे. बेनेडिक्टच्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापवायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. फ्रिज नसल्यामुळे इन्सुलिनची बाटली माठाच्या गारव्याला ठेवलेली असे. मावशींनी आता साठी ओलांडली आहे, पण सुईत दोरा त्या स्वतः ओवतात आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट व्यवस्थित येतात. साखर एकदम उतरली तर आधी चमचाभर साखर पाण्यातून आणि मग अर्धं सुकेळं, हा त्यांचा शिरस्ता आहे. उलट माझ्या परिचयातल्या एका तरुणाला पंधरा वर्षांतच डोळ्यांवर लेझर घ्यावं लागलं. हा फरक का पडतो, या प्रश्नाने मला कित्येक वर्षं पछाडलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. टाईप १मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. ११ जानेवारी १९२२ला टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. मरण टळलं, पण पुढे डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांचे विकार दिसू लागले. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरच्या डीसीसीटी अभ्यासाने १९९३मध्ये दाखवून दिलं की साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर हे विकार बऱ्याच प्रमाणात टळतात किंवा लांबतात.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. बोस्टनचं जॉस्लिन सेंटर पन्नास वर्षं इन्सुलिनवर काढलेल्यांना १९७०पासून पदक देत आलं आहे. डॉ. जॉर्ज किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदकवाल्यांचाच अभ्यास हाती घेतला. बाकीचे संशोधक बिघाड शोधत होते, यांनी शाबूत राहिलेली माणसं शोधली. मला हा विचारच फार मोठा वाटतो. २०११मध्ये त्यांनी ३५१ जणांची माहिती प्रसिद्ध केली. सुमारे ८७ टक्के लोकांना मूत्रपिंडाचा मधुमेही विकार नव्हता आणि जवळपास ४३ टक्क्यांच्या डोळ्यांत गंभीर रेटिनोपथी नव्हती. चकित करणारी गोष्ट म्हणजे या लोकांची आजची साखर आणि त्यांचे विकार यांचा मेळच लागेना! म्हणजे शरीरात राखण करणारं आणखी काहीतरी असलं पाहिजे.

यातल्या काहींनी मृत्यूनंतर अवयव संशोधनासाठी दिले. स्वादुपिंडांत इतक्या वर्षांनंतरही थोड्या बीटा पेशी तग धरून असलेल्या सापडल्या. निरोगी राहिलेल्या मूत्रपिंडांत पीकेएम२ हे विकर जास्त आढळलं, तो शोध २०१७चा. ग्लुकोज भराभर मार्गी लावणारं हे विकर म्हणजे गाळ साचू न देणारा पाटकरीच म्हणा ना. ते जोमात असलं की ग्लुकोजपासून होणारे विषारी पदार्थ पेशीत साठून राहत नाहीत. डोळ्यांच्या बाबतीत २०१९मध्ये आरबीपी३ या प्रथिनाचं नाव पुढे आलं. दृष्टिपटलातल्या प्रकाशग्राही पेशी ते तयार करतात आणि ज्यांचे डोळे वाचले त्यांच्यात ते अधिक होतं. एक सावधगिरी मात्र हवी. जे पन्नास वर्षं जगलेच नाहीत ते या मोजणीत नाहीत, म्हणून या टक्क्यांवरून सगळ्या रुग्णांचं भविष्य सांगता येत नाही. आणि यातून ‘साखरेकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल’ असा अर्थ काढणं तर घातकच आहे.

आपल्याकडे डॉ. एस. एस. आजगावकरांनी १९५५मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. मावशींचे वडील त्यांना विरारहून लोकलने मुंबईच्या दवाखान्यात न्यायचे, येताना पुढच्या महिन्याचं इन्सुलिन घेऊन यायचे. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरिबाघरच्या टाईप १ मुलांना मोफत इन्सुलिन पुरवलं. माझ्या मते विकार टाळण्याचा खरा पाया हाच आहे, कारण इन्सुलिनचा खंड पडला तर पीकेएम२ कोणाच्या कामी येणार? पुण्याच्या जहांगीर संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दुर्लक्षित अवयवाकडे लक्ष वळवलं, तो म्हणजे हाडं. टाईप १ असलेल्या मुलांची वाढ आणि हाडांची घनता त्यांनी मोजली, दूध व कॅल्शियम दिल्याने काय फरक पडतो हेही तपासलं. बोस्टनच्या अभ्यासाचा भर डोळे, मूत्रपिंडं, नसा आणि हृदय यांवर होता. आपल्या मुलांच्या ताटात दूध कमी, म्हणून हाडांचा प्रश्न इथे आधी उभा राहतो.

१९९५च्या सुमारास ज्या मुलांनी पहिलं इन्सुलिन टोचून घेतलं, त्यांची पन्नास वर्षं २०४५मध्ये भरतील. त्यांचे डोळ्यांचे फोटो, लघवीतल्या अल्ब्युमिनचे आकडे, हाडांच्या चाचण्या यांच्या नोंदी आतापासून एका जागी जपल्या, तर पदकवाल्यांचा आपलाही अभ्यास होऊ शकेल. मावशींकडे १९८१पासूनच्या वह्या आहेत, रोजच्या युनिटांच्या आकड्यांसकट. त्या त्यांनी संशोधकांना द्यायची तयारी दाखवली आहे.