लॅबव्ह्यूची सुरुवात: हीटर नेमका कधी बंद होणार?

जयनगर, बेंगळुरूहून मी बोलतोय. लॅबव्ह्यू शिकायला बसलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात कोड लिहायचा नाही, नुसते ब्लॉक जोडायचे. मग सोपंच ना?" जोडणं सोपं आहे. कुठला ब्लॉक आधी चालणार, हे ओळखणं शिकावं लागतं. आज तेवढंच शिकू, पाणी ६० अंशांवर ठेवणारा एक हीटर घेऊन.

लॅबव्ह्यू नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने १९८६ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणलं. घरी शिकण्यासाठी त्याची कम्युनिटी एडिशन आज मोफत मिळते. प्रोग्रॅमला इथे व्हीआय म्हणतात आणि त्याच्या दोन खिडक्या असतात. फ्रंट पॅनेलवर बटणं, मीटर, आलेख. ब्लॉक डायग्रामवर त्यामागची जोडणी. वायरचा रंग डेटाचा प्रकार सांगतो: नारिंगी म्हणजे दशांश संख्या, निळा पूर्णांक, हिरवा हो-नाही, गुलाबी मजकूर.

आता मुख्य नियम. सी भाषेत ओळी वरून खाली चालतात. इथे ब्लॉक तेव्हाच चालतो, जेव्हा त्याला जोडलेल्या सगळ्या वायरींवर डेटा येऊन पोचतो. ब्लॉक डावीकडे ठेवला की उजवीकडे, याने काही फरक पडत नाही. टूलबारवरचा बल्ब लावून प्रोग्रॅम चालवा. डेटाचे ठिपके वायरीवरून सरकताना दिसतील. पहिले आठ दिवस हा बल्ब लावूनच काम करा.

आधी मोजमाप. एलएम३५ हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. चिकपेट मेट्रो स्टेशनवर उतरून एस. पी. रोडला गेलात की तो सहज मिळतो. समजा आपलं कार्ड १२ बिटचं आहे, म्हणजे ४०९६ पायऱ्या. रेंज उणे १० ते अधिक १० व्होल्ट ठेवली, तर एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्ध्या अंशाची. रेंज उणे १ ते अधिक १ केली, की तीच पायरी अर्ध्या दशांश अंशावर येते. कार्ड तेच, फक्त रेंज नीट निवडली.

वाचन मागेपुढे नाचत असेल, तर बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा त्रास असतो. सेकंदाला १००० या वेगाने १०० नमुने घ्या आणि सरासरी काढा. त्या १०० मिलिसेकंदांत विजेची पाच पूर्ण आवर्तनं बसतात आणि गोंगाट बराचसा कटतो. सेन्सर उकळत्या पाण्यात तपासताना ९७ च्या आसपास आकडा आला तर घाबरू नका. आपण समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहोत. इथे पाणी तेवढ्यावरच उकळतं. पिना मात्र पाण्याला लागू देऊ नका.

आता कंट्रोल. एक व्हाइल लूप घ्या. आत तापमान वाचा. ५८ च्या खाली गेलं तर रिले चालू, ६० च्या वर गेलं तर बंद, मधल्या पट्ट्यात आहे तसं. 'आहे तसं' लक्षात ठेवण्यासाठी लूपच्या कडेला शिफ्ट रजिस्टर लावा. आत एक सेकंदाचा वेट टाका, नाहीतर लूप प्रोसेसरला उसंत देणार नाही.

खरी परीक्षा स्टॉप दाबल्यावर. बहुतेक कार्डांचं आउटपुट शेवटच्या स्थितीतच राहतं. रिले चालू असताना लूप थांबला, तर हीटर चालूच! म्हणून लूपच्या बाहेर 'रिले बंद' असा ब्लॉक हवा. पण तो नुसता उजवीकडे ठेवलात, तर तो लूपची वाट बघणार नाही. सुरुवातीलाच चालून मोकळा होईल. रिलेच्या टास्कची वायर लूपमधून बाहेर काढून त्याला जोडा. लूपमधून बाहेर येणारी वायर लूप संपल्यावरच डेटा देते, म्हणून क्रम पक्का होतो.

या ब्लॉकला एररची वायर मात्र आत देऊ नका. एरर आत आली की असे ब्लॉक काम न करताच ती पुढे ढकलतात, आणि नेमक्या गडबडीच्या वेळी हीटर बंद व्हायचा राहतो. लूपमध्ये एरर आली तरी लूप थांबेल, अशी जोडणी स्टॉपसोबत करा.

टूलबारवरचं लाल अबॉर्ट बटण या कामात वापरायचं नाही. ते प्रोग्रॅम जागच्या जागी तोडतं. बाहेरचा ब्लॉक चालतच नाही. आणि कॉम्प्युटरच अडकला तर? त्यासाठी हीटरच्या लाइनवर वेगळा थर्मल कटआउट हवाच. २३० व्होल्टची जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

कार्ड नसेल तर मॅक्समध्ये सिम्युलेटेड डिव्हाइस तयार करा आणि रिलेच्या जागी फ्रंट पॅनेलवर एक दिवा ठेवा. दिवा पेटलेला असताना स्टॉप दाबा. तो विझला, तर जोडणी बरोबर. नाही विझला, तर बल्ब लावून ठिपका कुठे अडतो ते शोधा. पुढच्या भागात याच हीटरला पीआयडी लावू. भेटूया!