कृत्रिम हाताचे स्नायू : धागा स्वस्त, ताकद महाग

दर्यापूर हे कापसाचे गाव. जिनिंग, मळणीयंत्र, कडबाकुट्टी यांवर राबणाऱ्याचा हात यंत्रात गेला, तर सारे घरच अडचणीत येते. कृत्रिम हात कोणत्या ताकदीवर चालतो, हे आपल्या कारागीर बंधूंनी म्हणूनच समजून घ्यावे.

सर्वांत साधा हात खांद्याच्या पट्ट्याने चालतो. खांदा पुढे केला की सायकलच्या ब्रेकसारखी केबल ताणली जाते आणि हाताचा आकडा उघडतो. त्याला बॅटरी लागत नाही. दुसऱ्या प्रकारात उरलेल्या स्नायूंतील सूक्ष्म विद्युत संकेत पकडून मोटर फिरवितात. बॅटरी उतरली की हा हात थांबतो.

मोटरीऐवजी खऱ्या स्नायूसारखी आखडणारी वस्तू वापरण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ मॅककिबेन यांनी पोलिओ झालेल्या आपल्या मुलीसाठी विणलेल्या जाळीत रबरी नळी बसविली. आत वायूचा दाब दिला की नळी फुगते व लांबीने आखूड होते. २०१४ मध्ये डलास येथील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी मासेमारीचा तंगूस व शिवणाचा धागा घेतला. त्याला इतका पीळ दिला की त्याची स्प्रिंगसारखी वेटोळी झाली. नायलॉनचे असे वेटोळे गरम करताच आखडते आणि तेवढ्याच लांबी-वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट ओझे उचलते.

धागा स्वस्त आहे, मग असे हात बाजारात का दिसत नाहीत? अडचण ताकदीची आहे. वायूसाठी टाकी बाळगावी लागते. धागा तापविण्यास वीज लागते, तो थंड होण्यास वेळ लागतो, आणि दिलेल्या उष्णतेपैकी सुमारे एक टक्काच कामी येते.

कारागिराला यात वाव किती, हे जयपूर फूटने दाखविले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. पी. के. सेठी यांनी हा रबरी पाय घडविला. त्यात टायर रिमोल्ड करणाऱ्या दुकानातील हुनर उपयोगी पडला.

तेव्हा हात घेताना तीन प्रश्न विचारावेत : ताकद कशाची? सुटे भाग कोठे मिळतील? दुरुस्ती कोण करील? पट्टा शिवणारा, केबल बदलणारा, रिव्हेट ठोकणारा कारागीर गावातच असेल, तर साधा हातही वर्षानुवर्षे रोजी मिळवून देतो. तो नसेल, तर महागडा हातही कपाटात पडून राहतो.