शेकडा तीन म्हणजे किती?



मृग तोंडावर येतो. बी-बियाणे, खते यांची निकड लागते आणि बँकेचे काम अजून रेंगाळलेले असते. अशा वेळी गावातच कोणी म्हणते, "न्या की पैसे, शेकडा तीननं." बँक सात टक्के सांगते, हा तीनच सांगतो. मग हाच स्वस्त, असे वाटते. पण बँकेचा दर वर्षाचा असतो आणि सावकाराचा महिन्याचा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के.

आता हिशेब करून बघा. जूनमध्ये २०,००० रुपये उचलले आणि मार्चअखेर, म्हणजे १० महिन्यांनी फेडले:

– शेकडा तीनने व्याज : ६,००० रुपये
– सालाना ७ टक्क्यांनी व्याज : सुमारे १,१६७ रुपये

किसान क्रेडिट कार्डावरील ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राची ३ टक्के सूट मिळून दर ४ टक्क्यांवर येतो. आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचे असे कर्ज मुदतीत फेडणाऱ्यास शून्य टक्क्यानेच पडते. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून बँकेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करून ठेवावी.

व्याज म्हणून न दिसणारे व्याज

काही ठिकाणी पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापतात. हाती १९,४०० येतात, व्याज मात्र २०,००० वर चालू राहते.

दुकानाच्या उधारीचेही तसेच. रोखीने १,००० ची औषधे चार महिन्यांच्या उधारीवर १,१०० ला पडली, तर तो दर सालाना ३० टक्के झाला. त्यावर माल त्यालाच घालायची अट असेल, तर भावात आणखी मार बसतो.

धान्याची सवाईही तपासा. आषाढात एक क्विंटल नेऊन पाच महिन्यांनी सव्वा क्विंटल परत केले, तर वर्षाच्या हिशेबाने ते ६० टक्के होते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. व्याजावर व्याज लावता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. त्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी सालाना दर ठरवून दिले : तारणी कर्जाला ९ टक्के, बिनतारणी कर्जाला १२ टक्के. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी करावी.

एवढे करा

१. दर सांगितला की विचारा, "महिन्याचा का वर्षाचा?" महिन्याचा असेल तर बाराने गुणा.

२. कोऱ्या स्टँप कागदावर वा कोऱ्या चेकवर सही-अंगठा देऊ नका. "नावापुरतं खरेदीखत करू, पैसे दिले की फिरवून देऊ," असे कोणी म्हटले तर तेथून उठा. कागदावर खरेदीखत झाले की जमीन घेणाऱ्याच्या नावावर चढते. तोंडी बोली शाबित करताना वर्षे जातात.

३. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. घरात एक वही ठेवून त्यात रक्कम, तारीख आणि दर लिहा. घरच्या बाईमाणसांनाही ती वही माहीत असू द्या. कर्ता माणूस अचानक गेला, तर मागे राहिलेल्यांना तोच आधार असतो.

४. पीककर्जाचा अर्ज मृगाची वाट न पाहता एप्रिलमध्येच द्या. सातबारा, आठ-अ, आधार व पासबुक तयार ठेवा.

५. माल विकल्यावर बँकेच्या मुदतीपुरती रक्कम बाजूला काढा. उरलेल्यातून आधी सर्वांत महाग दराचे देणे फेडा. लग्नकार्य किंवा नवी मोटारसायकल यांचा विचार त्यानंतर करा.

आज रात्री जेवणे झाली की वही काढा आणि घरातील सगळी देणी वर्षाच्या दराने मांडून बघा.